परवाना दिल्यानंतरची राखण

न्यूझीलंडमध्ये नदीचे पाणी उपसून शेताला द्यायचे असेल, दुधाच्या कारखान्याचे सांडपाणी ओढ्यात सोडायचे असेल, धुराड्यातून वाफा आणि धूर बाहेर टाकायचा असेल किंवा नदीपात्रातील खडी काढायची असेल, तर त्यासाठी संसाधन-वापराचा परवाना घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो परवाना राजधानीतील मंत्रालयाकडून नव्हे, तर त्या प्रदेशातील मतदारांनी निवडून दिलेल्या प्रादेशिक परिषदेकडून मिळतो. परवान्यातील अटी हीच परिषद घालते, त्या पाळल्या जातात की नाही हे तिचेच अधिकारी तपासतात आणि अटी मोडणाऱ्यावर खटला भरायचा की नाही हेही तिथेच ठरते. यांपैकी परवाना देण्याचे काम त्यातल्या त्यात सोपे असते, कारण अर्जदाराला निकड असते आणि मागितलेला प्रत्येक कागद तो आणून देतो. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या परवान्याची राखण करणे मात्र फार कठीण असते, कारण तेव्हा कोणालाच घाई नसते, आणि नदीला तक्रार घेऊन कचेरीत येता येत नाही.

ही व्यवस्था दोन सुधारणांतून उभी राहिली. १९८९ मध्ये न्यूझीलंडने स्थानिक स्वराज्य संस्थांची मुळापासून फेररचना केली आणि पूरनियंत्रण, मृदसंधारण, बंदरे अशा कामांसाठी वेगवेगळी असलेली शेकडो मंडळे मोडून मोजक्या संस्था निर्माण केल्या. त्यांतील प्रादेशिक परिषदांच्या सीमा आखताना राजकीय सोयीपेक्षा पाणलोट क्षेत्रांचा, म्हणजे एका नदीकडे ज्या भूभागाचे पाणी वाहून येते त्या भूभागाचा, आधार घेतला गेला. नदीचा उगम एका संस्थेकडे आणि मुख दुसरीकडे असेल, तर वरच्या गावाने केलेल्या घाणीचा जाब खालच्या गावाला कोणाकडेच मागता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते. आज देशात अशा ११ परिषदा आहेत, आणि ऑकलंड, गिझबर्न, नेल्सन, मार्लबरो यांसारख्या ठिकाणी नगरसंस्था आणि प्रादेशिक परिषद यांची कामे एकच संयुक्त संस्था पाहते. दुसरी सुधारणा म्हणजे १९९१ चा संसाधन व्यवस्थापन कायदा. जमीन, पाणी, हवा आणि किनारा यांच्यासाठी असलेले अनेक जुने कायदे त्याने एका छत्राखाली आणले आणि शाश्वत व्यवस्थापन हे त्या साऱ्यांचे एकच उद्दिष्ट ठरवले.

या कायद्यातील एक भेद समजून घेतला नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही. जमिनीच्या बाबतीत कायदा मुभेपासून सुरुवात करतो, म्हणजे नियमाने मनाई केली नसेल तर मालकाला आपली जमीन हवी तशी वापरता येते. पाण्याच्या बाबतीत तो मनाईपासून सुरुवात करतो. घरगुती गरज, जनावरांचे पिणे, आग विझवणे असे काही अपवाद सोडले, तर परिषदेच्या आराखड्याने मुभा दिल्याखेरीज किंवा परवाना असल्याखेरीज कोणालाही पाणी उचलता येत नाही, आणि त्यात काही सोडताही येत नाही. त्यामुळे पाण्याचा परवाना म्हणजे एरवी बेकायदा ठरणाऱ्या कृतीला ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक अटींवर दिलेली सवलत असते. ही मुदत जास्तीत जास्त ३५ वर्षांची असते, आणि परवान्यात ती लिहायची राहून गेली तर ५ वर्षांची धरली जाते. पस्तीस वर्षांत शेतीची पद्धत बदलते, मालक बदलतात, अटी लिहिणारे अधिकारी निवृत्त होतात, आणि मागे उरतो तो फक्त अटींचा मजकूर. म्हणून देखरेखीचा पाया परवाना लिहिताना वापरलेल्या शब्दांतच घातला जातो. ‘नदीवर विपरीत परिणाम होणार नाही याची काळजी घ्यावी’ अशी अट कोणालाच मोजता येत नाही. याउलट ‘विसर्गाच्या जागेपासून अमुक मीटर खाली घेतलेल्या नमुन्यात अमोनियाचे प्रमाण अमुक मर्यादेच्या वर जाऊ नये’ ही अट कोणताही तपासनीस बाटली हातात घेऊन मोजू शकतो.

प्रादेशिक परिषदेने परवान्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवलेच पाहिजे असे कायद्याचे पस्तिसावे कलम सांगते, आणि त्यापुढचे कलम या कामाचा खर्च परवानाधारकाकडून वसूल करण्याचा अधिकार देते. ही तरतूद दिसायला किरकोळ आहे, पण तपासणीचा खर्च सर्वसाधारण करदात्यावर पडला, तर तंगीच्या वर्षी सर्वांत आधी कात्री लागते ती तपासणीलाच. तरानाकी प्रदेशातील परिषदेने या तरतुदीचा चांगला उपयोग केला आहे. तेल आणि वायूच्या विहिरी, मोठे दूध प्रक्रिया कारखाने आणि हजारांहून अधिक दुग्धशाळा असलेल्या त्या प्रदेशात मोठ्या परवानाधारकांच्या वर्तनाचा वार्षिक अहवाल तयार होतो, तो जाहीर केला जातो आणि त्याचा खर्च ज्याच्यावर अहवाल आहे त्याच्याकडून घेतला जातो. ज्या कामांना परवान्याची गरज नसते, जी आराखड्यातील सर्वसाधारण नियमांखाली चालतात, त्यांच्या तपासणीचा खर्च मात्र पुष्कळ काळ असा वसूल करता येत नव्हता, आणि देखरेख तिथे विरळ राहिली.

प्रत्यक्ष देखरेखीचा मोठा भाग परवानाधारक स्वतःच करतो, हे ऐकून वाचकाला आश्चर्य वाटेल. कारखाना आपल्या सांडपाण्याचे नमुने ठरलेल्या दिवशी घेतो, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आणतो आणि अहवाल परिषदेला पाठवतो. परिषद ते अहवाल पडताळते आणि अधूनमधून आपले नमुने घेऊन त्यांच्याशी ताडून पाहते. या पद्धतीवर अविश्वास दाखवणे सोपे आहे, पण रोजच्या रोज प्रत्येक नळाच्या तोंडाशी सरकारी माणूस उभा करणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. या पद्धतीचा कस लागतो तो अहवाल वेळेवर आला नाही तेव्हा. न आलेल्या अहवालाकडे काही कचेऱ्या कारकुनी उणीव म्हणून पाहतात आणि काही तो परवान्याचा भंग मानतात. जिथे तो भंग मानला जातो, तिथे पुढची मोठी चूक बहुधा लवकर उघडकीस येते.

पाण्याच्या उपशाबाबत ही पडताळणी आता यंत्रांकडे गेली आहे. २०१० पर्यंत देशातील अनेक सिंचन परवान्यांवर मीटरच नव्हते, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी उचलता येईल हे कागदावर लिहिलेले होते, पण किती उचलले गेले हे सांगणारे काहीच नव्हते. त्या वर्षी झालेल्या नियमांनी सेकंदाला ५ लिटर किंवा अधिक उपसा असलेल्या परवानाधारकांना टप्प्याटप्प्याने मीटर बसवणे सक्तीचे केले, बंद नळातील मीटरची चूक ५ टक्क्यांच्या आणि उघड्या पाटातील मोजणीची चूक १० टक्क्यांच्या आत हवी असे ठरवले, आणि दर ५ वर्षांनी मीटरची अचूकता जाणकाराकडून तपासून घेण्याचे बंधन घातले. २०२० च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. दर १५ मिनिटांची नोंद आणि ती नोंद रोज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने परिषदेकडे, अशी ही सक्ती सेकंदाला २० लिटर किंवा त्याहून मोठ्या उपशापासून सुरू करून लहान उपशापर्यंत २०२६ पर्यंत पोहोचवण्याचे वेळापत्रक आखले गेले. या १५ मिनिटांच्या नोंदीचे महत्त्व कँटरबरीसारख्या प्रदेशात कळते. तिथल्या कोरड्या मैदानांवर राकाया, वायमाकारीरी, रांगिताता अशा अनेक धारांत विभागून वाहणाऱ्या नद्यांचे आणि भूजलाचे पाणी प्रचंड तुषार-सिंचन यंत्रांना पुरवले जाते. नदीचा प्रवाह ठरलेल्या किमान पातळीखाली उतरला की परवान्यातील अटीनुसार उपसा कमी करावा लागतो किंवा पूर्ण थांबवावा लागतो. महिन्याची बेरीज पाहून या अटीचा भंग कधीच दिसत नाही. प्रवाह घटला त्या रात्री दोन वाजता पंप चालू होता की बंद, हे पंधरा मिनिटांची नोंदच सांगते.

दुग्धशाळांची तपासणी मात्र अजूनही माणसाच्या डोळ्यांवर आणि बुटांवर अवलंबून आहे. दूध काढताना गायी गोठ्याच्या अंगणात उभ्या असतात, तिथले शेण आणि मूत्र पाण्याने धुतले जाते, आणि हे शेणपाणी तळ्यात साठवून फवारणी यंत्राने कुरणावर पसरले जाते. योग्य प्रमाणात पसरले तर ते उत्तम खत होते, पण ओल्या जमिनीवर किंवा एकाच जागी फार वेळ सोडले तर डबकी साचतात, शेणपाणी मातीतून झिरपून किंवा पृष्ठभागावरून वाहून ओढ्यात जाते, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि जंतू वाढतात. तपासनीस आला की तो आधी आपले अधिकारपत्र दाखवतो. घरात शिरण्याचा अधिकार त्याला नसतो, पण शेत, गोठा आणि तळे तो वाजवी वेळी पूर्वसूचनेविना पाहू शकतो, आणि मालक हजर नसेल तर आपण येऊन गेल्याची चिठ्ठी दिसेल अशा जागी ठेवून जातो. तळे काठोकाठ भरले आहे की पावसासाठी जागा राखली आहे, पावसाचे स्वच्छ पाणी शेणपाण्यात मिसळू न देणारी झडप योग्य बाजूला वळवली आहे का, फवारणी यंत्र कोणत्या पट्ट्यावर उभे आहे आणि त्याच्याभोवतीच्या गवतात पाय रुततो का, हे तो चालत जाऊन पाहतो. ओढ्यात विसर्ग आढळला तर तीन ठिकाणचे नमुने घेतले जातात: विसर्गाच्या वरच्या बाजूचा, विसर्गाचा आणि खालच्या बाजूचा. वरच्या बाजूचा नमुना राहिला तर ओढा आधीच घाण होता हा बचाव मोकळा राहतो, आणि बाटल्या थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होत्या याची नोंद तुटली तर न्यायालयात त्या बाटल्यांना काही किंमत उरत नाही. वायकाटो प्रदेशाच्या परिषदेने हीच तपासणी हेलिकॉप्टरमधून, आगाऊ सूचना न देता केली, आणि त्यावर शेतकऱ्यांच्या संघटनांनी नाराजी व्यक्त केली. पण तपासणीची तारीख आधी कळलेल्या शेतात डबकी सापडत नाहीत, हे त्या पद्धतीमागचे उघड कारण होते.

तपासणीनंतर परवानाधारकाची वर्गवारी साधारणपणे चार पायऱ्यांत होते. अटींचे पूर्ण पालन, कमी धोक्याचा भंग, मध्यम धोक्याचा भंग आणि गंभीर भंग अशा या पायऱ्या असून देशभरच्या आकड्यांची तुलना व्हावी म्हणून त्या एकसारख्या केल्या गेल्या आहेत. भंग सापडल्यावर परिषदेच्या हातात चढत्या क्रमाने अनेक साधने असतात. लेखी ताकीद आणि ठरावीक रकमेच्या दंडाची नोटीस ही सौम्य साधने. १९९९ च्या नियमांनी दंडाच्या नोटिशीची रक्कम ३०० ते १,००० डॉलर ठरवली होती आणि ती पुढे पुष्कळ वर्षे तशीच राहिल्याने मोठ्या कंपनीला ती किरकोळ खर्चासारखी वाटू लागली. ‘अमुक काम ताबडतोब थांबवा किंवा अमुक दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत करा’ असे फर्मावणारी प्रतिबंधक नोटीस अधिक धारदार असते, कारण ती मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याहून वर पर्यावरण न्यायालयाचा आदेश आणि शेवटी फौजदारी खटला. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी बहुतांश प्रकरणांत फिर्यादी पक्षावर नसते, आणि गड्याने किंवा कंत्राटदाराने केलेल्या चुकीसाठी मालकही जबाबदार धरला जाऊ शकतो. अनेक वर्षे कमाल दंड व्यक्तीसाठी ३ लाख आणि कंपनीसाठी ६ लाख डॉलर होता. २०२५ च्या दुरुस्तीने तो अनुक्रमे १० लाख आणि १ कोटी डॉलर केला आणि असा दंड विम्यातून भरण्याची वाटही बंद केली. खटला परिषदेने भरला असेल तर दंडाच्या रकमेचा दहावा हिस्सा सरकारकडे जाऊन उरलेली रक्कम परिषदेला मिळते, ज्यामुळे खटल्याचा सगळा खर्च नाही, तरी काही भार हलका होतो.

मोजता येणाऱ्या नळाच्या तोंडापलीकडे मात्र ही यंत्रणा चाचपडते. कुरणावर पडलेल्या गोमूत्रातील नत्र मातीतून झिरपून वर्षानुवर्षांनी भूजलात आणि तळ्यात पोहोचते. त्याला तोंड नाही, त्यामुळे तिथे बाटली लावता येत नाही. म्हणून अनेक परिषदांनी ‘ओव्हरसिअर’ नावाच्या संगणकीय प्रतिमानाचा आधार घेतला, ज्यात गायींची संख्या, खत, पाऊस आणि मातीचा प्रकार भरला की दर हेक्टरी किती नत्र झिरपत असेल याचा अंदाज मिळतो. ताउपो तळ्याच्या खोऱ्यात तर नत्राची एकूण मर्यादा ठरवून शेतकऱ्यांना आपापला वाटा एकमेकांत विकण्याचीही मुभा दिली गेली. पण २०२१ मध्ये सरकारने नेमलेल्या वैज्ञानिकांच्या गटाने या प्रतिमानाच्या आकड्यांवर नियमनासाठी विसंबण्याइतका विश्वास ठेवता येत नाही असा निष्कर्ष काढला, आणि अशा आकड्यांवर उभ्या असलेल्या परवान्यांच्या अटींचा पायाच हादरला. अंदाज चुकीचा असला तरी अजिबात अंदाज नसण्यापेक्षा बरा, असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे; तरीही अंदाजावरून कोणाला गुन्हेगार ठरवणे न्यायाला धरून होत नाही.

परवान्याची राखण ढिली पडल्यावर काय होऊ शकते हे २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॉक्स बे प्रदेशातील हॅवलॉक नॉर्थ या गावात दिसले. ब्रिटिश हिंदुस्थानातील सेनानी आणि अधिकाऱ्यांची नावे मिरवणाऱ्या नेपियर, हेस्टिंग्ज आणि क्लाइव्ह यांच्या शेजारचे हे सुमारे १४ हजार वस्तीचे गाव हेरेताउंगा मैदानाखालच्या जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूस्तरातून, विंधन विहिरींनी पाणी घेत असे. हे पाणी इतके शुद्ध मानले जाई की त्यात क्लोरीनही मिसळत नसत. मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या कुरणातील विष्ठा जवळच्या तळ्यात वाहून गेली, तळ्यातून ती जलधरात उतरली आणि विहिरीतून नळांत आली, असा माग चौकशीत काढला गेला. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूने साडेपाच हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि काही वृद्धांचे मृत्यूही या साथीशी जोडले गेले. विहिरी चालवणारी संस्था हेस्टिंग्जची जिल्हा परिषद होती, आणि पाणी उपसण्याचा परवाना तिला हॉक्स बेच्या प्रादेशिक परिषदेने दिला होता. विहिरीचे तोंड बंदिस्त आणि सुस्थितीत ठेवण्याची अट त्या परवान्यात होती. चौकशी आयोगाने प्रादेशिक परिषदेवर ठेवलेला ठपका असा होता की जलधराचे रक्षण करण्याची कायद्याने सोपवलेली जबाबदारी तिने पार पाडली नाही आणि परवान्याच्या अटींवरील तिची देखरेख अपुरी होती. साथीनंतर प्रादेशिक परिषदेने जिल्हा परिषदेवर अट मोडल्याचे आरोप दाखल केले आणि वर्ष संपण्यापूर्वी ते मागेही घेतले. दोन्ही संस्था एकाच प्रदेशातील, एकाच मतदारांच्या करावर चालणाऱ्या होत्या, आणि त्यांनी एकमेकींविरुद्ध वकील उभे करावेत हे चौकशी चालू असताना लोकांना रुचण्यासारखे नव्हते.

याच ठिकाणी या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक सांधा उघडा पडतो. गावांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचे मालक म्हणजे नगर आणि जिल्हा परिषदा, आणि त्यांच्याकडून होणारे भंग नवे नाहीत. जुन्या केंद्राची क्षमता संपते, नव्यासाठी पैसे नसतात, परवान्याची मुदत संपते आणि वेळेत अर्ज केलेला असल्यास नव्या परवान्याचा निर्णय होईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवण्याची मुभा कायदा देतो. हा ‘होईपर्यंत’ कधीकधी अनेक वर्षे लांबतो. अशा वेळी दंड ठोठावला तर तो करदात्याच्याच खिशातून जातो, आणि न ठोठावला तर खासगी शेतकऱ्याला साहजिकच दुजाभाव वाटतो. संयुक्त संस्थांत तर परवाना देणारी आणि घेणारी एकच संस्था असते. निवडून आलेल्या सदस्यांनी खटला भरण्याच्या निर्णयात पडू नये, तो निर्णय अधिकाऱ्यांनी पुराव्यावर आणि ठरलेल्या निकषांवर घ्यावा, असे २०१८ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे, आणि बहुतेक परिषदांनी ते स्वीकारलेही आहे. २०१७ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मेरी ब्राउन यांच्या अभ्यासात याच त्रुटींवर बोट ठेवले होते, आणि २०२० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय पर्यावरण संरक्षण प्राधिकरणालाही अंमलबजावणीचे अधिकार दिले, जेणेकरून स्थानिक हात अडकले तर वरून मदत मिळावी. वायकाटो नदीच्या बाबतीत २०१० च्या कायद्याने आणखी एक साक्षीदार उभा केला आहे. वायकाटो-ताइनुई या माओरी समूहाशी परिषदेने संयुक्त व्यवस्थापन करार करावा आणि त्यात देखरेख व अंमलबजावणी यांचाही समावेश असावा, अशी त्यात तरतूद आहे. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना पाण्याचा रंग आणि माशांची संख्या बदललेली कचेरीच्या आधी कळते, आणि त्यांच्या निरीक्षणाला कागदावर स्थान मिळाले ही या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत आशादायक गोष्ट आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील बराच भाग ओळखीचा वाटेल, कारण १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही कारखान्यांना अटींसह संमतिपत्र देते आणि नमुने घेऊन त्यांची तपासणी करते. फरक असा की मंडळ राज्य शासनाने नेमलेले असते आणि त्याचा भर सांडपाणी व धूर यांवर असतो. नदीतून किती पाणी उचलले जाते हे पाहणारी खाती वेगळी असतात. न्यूझीलंडमध्ये उपसा आणि विसर्ग एकाच खोऱ्याच्या एकाच संस्थेकडे आहेत, आणि प्रवाह घटला की घाणीची तीव्रता वाढते हे लक्षात घेता त्या रचनेचा मोठा फायदा आहे.

आता ही रचनाच बदलण्याच्या वाटेवर आहे. १९९१ चा कायदा बदलण्यासाठी २०२३ मध्ये झालेला नवा कायदा सत्तांतरानंतर त्याच वर्षी रद्द झाला, आणि २०२५ मध्ये सरकारने त्याच्या जागी नव्या कायद्यांची मांडणी सुरू केली. त्या तयारीत तज्ज्ञ गटाने अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय पातळीवरील, प्रदेशांत कचेऱ्या असलेल्या स्वतंत्र नियामक यंत्रणेची शिफारस केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने वेगळ्या संदर्भात प्रादेशिक परिषदांचे निर्वाचित सदस्य दूर करून त्यांच्या जागी त्या प्रदेशातील महापौरांची मंडळे आणण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. हे महापौर ज्या नगर आणि जिल्हा परिषदांचे प्रमुख आहेत, त्याच परिषदा सांडपाणी केंद्रांच्या आणि पाणीपुरवठा विहिरींच्या परवानाधारक आहेत. हा प्रस्ताव मान्य झाला आणि स्वतंत्र नियामक यंत्रणा आली नाही, तर हॅवलॉक नॉर्थच्या विहिरीचे तोंड तपासायला जाणारा अधिकारी ज्या मंडळाला उत्तरदायी असेल, त्या मंडळाच्या बैठकीत विहिरीच्या मालक संस्थेचा प्रमुखही बसलेला असेल.